लाटसाहेबांचे तीन बंगले आणि एकच साल

आमच्याकडे, म्हणजे पालघर-बोईसर पट्ट्यात, "परळला नेलं" या दोन शब्दांचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. गावातल्या दवाखान्यात भागलं नाही, बोईसरच्या नर्सिंग होममध्ये भागलं नाही, की पेशंट परळला. केईएम, वाडिया, टाटा. पहाटेची डहाणू-चर्चगेट लोकल, दादरला उतरायचं, हातात रिपोर्टची जाडजूड फाईल, आणि मग परळ. आमच्या लेखी परळ हे मुंबईतलं ठिकाण नाहीच, तो आजारपणाचा शेवटचा टप्पा आहे.

याच हॉस्पिटलांच्या गर्दीत, आचार्य दोंदे मार्गावर, एका कंपाउंडच्या आत एक जुनी भारदस्त इमारत उभी आहे. बाहेर पाटी 'हाफकिन'. सर्पदंशावरची लस मिळते ती ही हाफकिन, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण मंडळी, हे घर मुळात लस बनवायला बांधलेलं नाही. ते मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचं गावाबाहेरचं घर होतं. हो, गावाबाहेरचं! तेव्हा मुंबई म्हणजे कोटाच्या आतली वस्ती, आणि परळ म्हणजे आंब्याची झाडं, तळी, मोकळी हवा. आज आपण कर्जतला फार्महाऊस घेतो (म्हणजे घ्यायची स्वप्नं बघतो) तसंच ते.

मुंबईच्या गव्हर्नरांची अशी तीन घरं आजही वापरात आहेत. परळचं गव्हर्मेंट हाऊस, पुण्याजवळचं गणेशखिंडीतलं गव्हर्मेंट हाऊस, आणि मलबार पॉईंटचा समुद्रकाठचा बंगला. तिन्हींची आपापल्या परीने डागडुजी, जपणूक किंवा पुनर्बांधणी झालेली आहे. जुन्या वास्तूंवरचे लेख साधारण कमानी, जिने, झुंबरं आणि शिसवी खुर्च्या यांच्यावर थांबतात. मलाही त्या खुर्च्यांबद्दल लिहायचंच आहे. पण या तीन घरांचा इतिहास शोधायला गेलं की तिन्ही रस्ते १८९७ या एकाच सालात येऊन मिळतात, आणि मग खुर्च्यांकडे बघायची नजरच बदलते.

आधी एक आमच्या धंद्यातली गोष्ट. 'रिस्टोअर' हा शब्द आम्ही रोज वापरतो. सर्व्हर कोसळला, बॅकअपवरून रिस्टोअर करा. त्यात पहिला प्रश्न एकच असतो, कुठल्या तारखेचा बॅकअप? तारीख न ठरवता रिस्टोअर करताच येत नाही. जुन्या वास्तूंचं 'रिस्टोरेशन' करतानाही हाच प्रश्न असायला हवा, पण तो फारसा कुणी विचारत नाही. घर 'जुन्या वैभवात' परत आणलं म्हणतात. कुठल्या दिवसाच्या वैभवात? आणि कुणाच्या?

आता परळ. मुंबई इंग्रजांच्या हाती यायच्या आधी हा सगळा किनारा पोर्तुगीजांचा. वसई हे ठाणं, आणि वरती केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी किल्ल्यांची रांग. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूर घेतलं, त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले, आणि मे महिन्यात वसई पडली. आमच्या भागातल्या पोर्तुगीज घरांत आज एकही टेबल-खुर्ची उरलेली नाही. भिंती आहेत, त्यावर उंबर-पिंपळ आहेत. फर्निचर गेलं, शब्द राहिले. चावी, अलमारी, पगार, साबण... सगळे पोर्तुगीज पाहुणे, जे परत गेलेच नाहीत. :)

परळचं घर याच पोर्तुगीज जगातलं. ते जेझुईट पाद्र्यांचं होतं, आत प्रार्थनामंदिर होतं. १७२० च्या सुमारास इंग्रज कंपनी सरकारने ते जप्त केलं आणि गव्हर्नरला हवापालटाला जायला दिलं. १७६४ साली कार्स्टन नीबूर नावाचा प्रवासी मुंबईत होता. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या शोधमोहिमेतला, सगळे साथीदार वाटेत आजारपणाने गेलेले आणि हा एकटा उरलेला. त्याने परळचं घर पाहिलं आणि तिथलं मोठं दालन हे पाद्र्यांचं जुनं देऊळ होतं, आता तिथे जेवणावळी आणि नाच होतात, अशी नोंद केली. म्हणजे बघा, आपल्याला माहीत असलेल्या पहिल्याच वर्णनात हे घर त्याच्या मूळ कामावरून बदललेलं आहे. बॅकअप नंबर एक म्हणावं तर देऊळ, नंबर दोन नाचघर.

१७७१ मध्ये गव्हर्नर झालेल्या विल्यम हॉर्नबीने इथे कायमचा मुक्काम केला, आणि नंतर शंभरेक वर्षं परळ हेच लाटसाहेबाचं घर राहिलं. १८७५ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हा त्याचा मुक्कामही परळलाच.

अशा घरांत सामान कसलं असायचं? तर हे बऱ्यापैकी ठरलेलं होतं. छताला झुंबरं आणि हंड्या, जमिनीवर गालिचे, वर दोरीने ओढायचा कापडी पंखा. आणि मुंबई इलाख्याची खासियत म्हणजे शिसवी फर्निचर, ज्याला इंग्रज लोक 'बॉम्बे ब्लॅकवूड' म्हणत. पश्चिम घाटातलं काळपट शिसव, आकार विलायती पुस्तकांतले, आणि कोरीवकाम इथल्या सुतारांचं. एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या चाळीसेक वर्षांत त्याची फार चलती होती. सोफ्याच्या पाठीवर वेली, पानं, पक्षी, इतकं दाट कोरीव आणि आरपार जाळीदार काम की पाठ टेकायला जागा नाही! वस्तू दिसायला युरोपची, पण पान कोरणारा हात आपला. देवळाच्या चौकटीवर वेल कोरणारा कारागीर सोफ्यावर वेगळी वेल कुठून आणणार? बैठक मात्र बरेचदा वेताची. गादीच्या बैठकीत घामाने भिजायला होतं आणि ढेकूण होतात. वेतातून वारा खेळतो. पलंगाच्या आणि टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. (हे आपल्याकडे आजीच्या दुधाच्या कपाटाखालीही असायचं, तेव्हा लाटसाहेबाने आपल्याकडून घेतलं असणार असा माझा संशय.)

यातली एक गोष्ट मात्र फर्निचरच्या पुस्तकात क्वचित येते. पंख्याच्या दोरीचं दुसरं टोक. ते भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जायचं आणि तिथे एक माणूस बसून ती रात्रभर ओढायचा. झुंबराची किंमत नोंदवलेली सापडते, पण दोरीच्या त्या टोकाला बसलेल्याचं नाव सापडत नाही.

परळच्या घराला ग्रहण लागलं ते आजारपणाने. आजूबाजूला गिरण्या उठल्या, चाळी आल्या, धूर आला, सांडपाणी तुंबायला लागलं. गावाबाहेरचं घर गावाच्या मधोमध आलं. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांची बायको परळच्या बंगल्यात कॉलऱ्याने गेली. (फर्ग्युसन म्हणजे पुण्याच्या कॉलेजला ज्याचं नाव आहे तोच.) त्यानंतर गव्हर्नरांनी परळचा नाद सोडला. १८८५ पासून मुक्काम मलबार पॉईंटला, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या टोकावर. परळचं घर रिकामं पडलं.

ज्या गिरणगावातल्या हवेने लाटसाहेब पळाला, त्याच हवेत गिरणी कामगार एका खोलीत आठ-दहा जण राहत होते. त्यांना पळायला मलबार पॉईंट नव्हता.

आणि मग प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरने रोग ओळखला. मुंबई रिकामी होऊ लागली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. हो, तोच. मार्च २०२० मध्ये आपण सगळे घरात बसलो होतो तेव्हा जो कायदा पुन्हा बाहेर काढला गेला, तो याच प्लेगसाठी केलेला. दोन-तीन पानांचा कायदा, आणि अधिकार अमर्याद.

परळच्या रिकाम्या बंगल्यात १८९७ मध्ये प्लेगचं हॉस्पिटल सुरू झालं. जिथे राजपुत्र उतरला होता त्या घरात आता खाटांच्या रांगा. मला या घराच्या सगळ्या सामानात ह्या खाटा सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. साध्या, स्वस्त, काम झाल्यावर फेकून द्यायच्या. त्या कुठल्याच संग्रहालयात नसतात.

याच सुमारास भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक माणूस प्लेगवर लस बनवायच्या मागे लागला होता. वाल्डेमार हाफकिन. १८६० साली ओडेसात जन्मलेला ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला, कॉलऱ्याची लस घेऊन १८९३ मध्ये हिंदुस्थानात आलेला. ऑक्टोबर १८९६ मध्ये त्याला मुंबईला बोलावलं, आणि तीन महिन्यांत लस तयार! १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. आपल्याकडे तीन महिन्यांत साधा लॉगिन पेज बदलत नाही.

ती लस बनवायची रीत ऐकण्यासारखी आहे. मोठ्या काचपात्रात मांसाचं सूप करायचं, त्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, आणि वर तुपाचे थेंब सोडायचे. तूप तरंगतं, त्याला धरून जंतू गुहेतल्या लोंबत्या दगडांसारखे खाली वाढत जातात. पात्र हलवलं की ते तुटून तळाशी जातात आणि नवे वाढू लागतात. शेवटी सगळं गरम करून जंतू मारायचे. सूप गायीच्या किंवा डुकराच्या मांसाचं केलं तर इथे कुणी टोचून घेणार नाही, हे ओळखून हाफकिनने बोकडाचं मांस वापरलं. ज्याच्यासाठी लस बनवतोय तो माणूस कोण आहे याचा त्याने आधी विचार केला. आपल्या भाषेत, युजरचा विचार केला.

आता इथून पुण्याला जाऊ, कारण त्याच वर्षी, त्याच सरकारने, त्याच रोगासाठी तिथे नेमकं उलटं केलं.

गव्हर्नरचं वर्ष ठरलेलं असे. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. पुण्याचा मुक्काम आधी दापोडीला होता. १८६२ मध्ये आलेल्या सर बार्टल फ्रियरला ते घर पुरेसं वाटलं नाही. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस बंद, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आणि तिजोरीत पैसा खेळता. १८६४ मध्ये गणेशखिंडीत नवं गव्हर्मेंट हाऊस बांधायला घेतलं. जेम्स ट्रबशॉ हा वास्तुविशारद, इटालियन वळणाची इमारत, दूरवरून दिसणारा उंच मनोरा. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, मुंबईतल्या बँका बुडाल्या, पण बांधकाम काही थांबलं नाही. १८७१ मध्ये पूर्ण झालं तेव्हा खर्च इतका वाढला होता की त्यावर विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत टीका झाली. सरकारी प्रोजेक्टचं बजेट तेव्हाही असंच चालायचं, हे वाचून उगाच बरं वाटलं.

जागाही साधी नव्हे. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली ती याच माळावर. पेशवाईचा शेवट सुरू झाला तिथून हाकेच्या अंतरावर लाटसाहेबाचं नाचघर.

१८९७ च्या सुरुवातीला प्लेग पुण्यात पोचला. प्लेग कमिटीवर वॉल्टर चार्ल्स रँड हा अधिकारी आला आणि मार्चमध्ये गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या. माजघरात, देवघरात, बायकांच्या खोल्यांत. संशयित उचलून हॉस्पिटलात, घरचे लोक छावणीत. घरातलं सामान बाहेर काढून रस्त्यावर जाळलं जाई. अंथरुणं, पांघरुणं, कपडे, लाकडाचं काहीबाही. फरशी उखडायची, भिंतींना चुना मारायचा, आणि पुढचं घर.

मी इथे बराच वेळ अडकलो. गणेशखिंडीतल्या शिसवी खुर्च्यांना तेलपाणी होत होतं, आणि तिथून पाच-सहा किलोमीटरवर कसबा-बुधवारात लोकांच्या गोधड्या जळत होत्या. इतिहासातल्या सामानाबद्दल लिहायचं तर या दोन्ही गोष्टी एकाच यादीत हव्यात. त्या काळच्या गव्हर्नरची खुर्ची आज बघायला मिळते. त्या काळच्या सामान्य पुणेकराच्या घरातली गोधडी मिळत नाही, आणि ती का मिळत नाही याचं एक कारण हेही आहे.

जंतुशास्त्राच्या हिशेबाने अंथरुणं जाळण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पिसवांचा वाटा तेव्हा नीट सिद्ध झालेला नव्हता, डॉक्टरही अंधारातच चाचपडत होते. प्रश्न पद्धतीचा होता. लोकांना विश्वासात न घेता बंदुकीच्या जोरावर आरोग्य लादायला गेलं की लोक आजार लपवतात. पुण्यात तेच झालं.

त्याच पुण्यात आणखी एक घर होतं. हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता, आणि त्यांच्या आई तिथे स्वतः रुग्ण आणत होत्या. वय साठीच्या पुढे. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या असं सांगतात. त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. कायदा सरकारचाही होता आणि कळकळ यांचीही होती. एका बाजूला सोजीर, दुसऱ्या बाजूला पाठीवर पोर घेतलेली म्हातारी बाई.

मग २२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीच्या बंगल्यावर मोठा समारंभ. मुंबईचे गव्हर्नर तेव्हा लॉर्ड सँडहर्स्ट. दिव्यांची रोषणाई, मेजवानी, बग्ग्यांची रांग. रात्री उशिरा पाहुणे परतायला लागले. गणेशखिंडीच्या रस्त्यावर "गोंद्या आला रे" ही खुणेची हाक आली आणि दामोदर चापेकरांनी रँडच्या बग्गीवर चढून गोळी झाडली. मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीने जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला गेला. पुढे दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फासावर गेले. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाखाली पकडलं. हे सगळं आपण शाळेत वाचलेलं आहे. पण ती बग्गी कुठल्या घरातून निघाली होती, हे माझ्या तरी कधी डोक्यात आलं नव्हतं.

म्हणजे १८९७ साली गव्हर्नरच्या एका घरात प्लेगचे रुग्ण, दुसऱ्या घरात मेजवानी, आणि तिसऱ्यात, मलबार पॉईंटला, लाटसाहेबाचा हिवाळी बिऱ्हाडाचा कारभार.

परळच्या घराची गोष्ट पुढे चांगली वळली. १० ऑगस्ट १८९९ रोजी हाफकिनची प्लेग प्रयोगशाळा तिथे हलवली. ज्या घरात कॉलऱ्याने गव्हर्नरची बायको गेली, त्या घरात कॉलऱ्याची आणि प्लेगची लस बनवणारा माणूस राहायला आला. झुंबरांच्या घरात काचपात्रं आली. लस लाखोंनी बाहेर जाऊ लागली.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. ठपका प्रयोगशाळेवर, हाफकिनला बाजूला केलं. बाटलीचा नंबर ५३-एन. पुढे निघालं असं की बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. म्हणजे दोष कोडमध्ये नव्हता, डिप्लॉयमेंटमध्ये होता. हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. तोवर माणूस पार खचून गेला होता. १९२५ मध्ये संस्थेला त्याचं नाव मिळालं, १९३० मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये वारला.

आता या तिन्ही घरांचं आज काय आहे ते बघू.

परळच्या घरात आजही हाफकिन संस्था आहे. संशोधन चालतं, संस्थेच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. १९७५ मध्ये वेगळ्या झालेल्या हाफकिन महामंडळाकडून सर्पदंशाचं प्रतिविष बनतं. त्यासाठीचे घोडे पिंपरीला. पावसाळ्यात भातखाचरात पाय टाकणाऱ्या जव्हार-विक्रमगडच्या माणसाला त्या बाटलीची किंमत कळते. लाटसाहेबाच्या घराचा आमच्या पालघर जिल्ह्याशी उरलेला हा खरा संबंध.

गणेशखिंडीत १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ सुरू झालं, चारशे एकरांहून मोठ्या आवारात. पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर. २०१० च्या दशकात मुख्य इमारतीची शास्त्रशुद्ध डागडुजी झाली. आणि २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं. ज्या वर्षी त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या, त्याच वर्षी त्या घरात राणीच्या नावाने मेजवानी झडली. आज मेजवानीचं घर त्यांच्या नावाने ओळखलं जातं. हे कुणी ठरवून केलेलं नाही, म्हणून मला जास्तच आवडतं.

मलबार पॉईंटला राज्यपाल राहतात. तिथला 'जलभूषण' हा जुना बंगला आयुष्य संपलं म्हणून पाडला आणि जुनी वैशिष्ट्यं सांभाळून नवा बांधला. १४ जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्याच आवारात २०१६ मध्ये जमिनीखाली इंग्रजांचं एक भुयार सापडलं होतं, दारूगोळा ठेवायचं. त्या भुयारात आता क्रांतिकारकांचं दालन आहे, आणि त्यात चापेकर बंधू आहेत. लाटसाहेबाच्या मेजवानीहून परतणाऱ्या पाहुण्याला ज्यांनी गोळी घातली, ते आता लाटसाहेबाच्या घरचे कायमचे रहिवासी! चिंचवडला चापेकरांचा स्वतःचा वाडाही स्मारक म्हणून नव्याने उभा आहे.

तर पुन्हा तोच प्रश्न. रिस्टोअर कुठल्या तारखेला करायचं? परळचं घर १८७५ च्या तारखेला नेलं तर राजपुत्राचा पलंग मिळेल, पण खाटांच्या रांगा आणि तुपाचे थेंब सोडलेली काचपात्रं पुसली जातील. गणेशखिंड २२ जून १८९७ च्या संध्याकाळी नेलं तर झगमगाट मिळेल, आणि रस्त्यावरचा धूर दिसणार नाही. घराच्या आयुष्यातला सगळ्यात श्रीमंत दिवस हाच सगळ्यात खरा दिवस असतो असं आपण उगाच धरून चालतो. माझ्या मते या तीन घरांचं भाग्य हे की तिथे नंतर दुसरे लोक राहायला आले आणि त्यांनी घराला काम दिलं. इमारत रिकामी राहिली असती तर तिचं तारापूरच्या किल्ल्यासारखं झालं असतं.

म्हणून शिसवी खुर्ची जपावी. जरूर जपावी. ती कोरणारा हात आपला होता. पण तिच्याशेजारी एक लोखंडी खाट ठेवावी, एक लसीची बाटली ठेवावी, आणि पंख्याच्या दोरीचं ते दुसरं टोक दाखवावं.

हे मी फक्त मुंबई-पुण्याबद्दल बोलत नाहीये. आमच्या डहाणू-पालघर पट्ट्यात जुने बंगले, वाडे अजून आहेत. काही पडतायत, काहींचे कोरीव खांब आणि पलंग ट्रकमध्ये भरून मुंबईच्या जुन्या फर्निचरवाल्यांकडे जातायत, काहींचं रिसॉर्ट होतंय. 'हेरिटेज स्टे'च्या खोलीत आरामखुर्ची असते, पितळी हंडी असते, भिंतीवर वारली चित्रही असतं. पण याच पट्ट्यात १९४५ मध्ये वारल्यांनी सावकार-जमीनदारांची वेठ नाकारली, गोदावरी परुळेकरांनी त्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिलं. त्या बंगल्यांच्या अंगणात वेठीला राबलेल्या माणसांची नातवंडं आज तिथेच खोल्या झाडतात. चित्र भिंतीवर आहे, पण ज्याचं चित्र आहे त्याची गोष्ट कुठल्याच पाटीवर नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अशा एखाद्या घरात वीकेंडला गेलात तर खुर्चीचा फोटो काढाच, पण मालकाला विचारा की गेल्या शंभर वर्षांत इथे आणखी कोण कोण राहिलं, आणि कुणी राबलं. त्याला माहीत असेल तर उत्तम, नसेल तर तो शोधायला लागेल. आणि दादरला उतरून पेशंटची फाईल घेऊन परळला जायची वेळ आलीच (येऊ नये), तर केईएमच्या रांगेत लागण्याआधी हाफकिनच्या फाटकातून आत एकदा नजर टाका.

असो. सोमवार आलाच आहे.